घरचे मलम आणि कापसाची वात

पावसाळ्यात चिखलात उभे राहून लावणी केली की पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. उन्हाळ्यात टाचा फुटतात. भांडी घासून घासून बायांच्या हातांना चिरा पडतात. मुलाच्या गुडघ्याला खरचटते. इतक्यासाठी कोणी दवाखाना गाठत नाही, आणि गाठायचे कारणही नाही. घरात तेल असते, तूप असते, अंगणात कोरफड असते. जुन्या बाया त्यातूनच मलम करीत आल्या आहेत. ते मलम नीट कसे करावे, कशाला लावावे आणि कशाला मुळीच लावू नये, ते या पाठात सांगतो.

आमचे बालपण मुंबईत शिवडीला बी. डी. डी. चाळीत गेले. वडील गिरणीत होते. एक खोली, बाहेर लांब व्हरांडा, नळ सगळ्यांचा मिळून एक. शिवडीला तेव्हा कापसाच्या गोदामांचा गजबजाट असे. पलीकडे खाडी, तिवरांचे रान आणि मिठागरे. हिवाळ्यात त्या चिखलात गुलाबी रोहित पक्षी उतरत. अजूनही उतरतात. आता तिथूनच समुद्रावरचा लांबलचक अटल सेतू निघतो. 2024 सालच्या जानेवारीत तो सुरू झाला.

आमच्या आजूबाजूला सगळी हातापायाने कष्ट करणारी माणसे. कोणी गोदामात गाठी उचलणारे, कोणी गोदीत, कोणी मिठागरात. मिठागरातल्या माणसाचे पाय पाहिले आहेत का? खाऱ्या पाण्याने टाचेला अशा भेगा पडतात की त्यात दोरा रुतावा. ही सगळी माणसे संध्याकाळी आमच्या दारात येत. कारण आमची आई मलम करायची. आई रत्नागिरीकडची. मे महिन्यात गावाहून परतताना आंबे थोडे आणि कोकमतेलाचे गोळे जास्त, असे तिचे गाठोडे असे.

कोकमतेल म्हणजे काय, ते घाटावरच्या वाचकांना सांगायला हवे. कोकमाचे फळ खाऊन झाले, सोले वाळवून झाली, की बिया उरतात. त्या वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात. वर तेल तरंगते. ते काढून घेतले की थंड होऊन घट्ट होते. मग त्याचे हाताने गोळे वळतात. कोणी त्याला मुठेल म्हणते, कोणी भिरंडेल. हे तेल साध्या हवेत दगडासारखे राहते, पण चमच्यात घेऊन दिव्यावर धरले की वितळते. रात्री पाय धुऊन, कोरडे करून, कोमट कोकमतेल भेगांत भरायचे. वर जुने मोजे घालायचे. आठ दिवसांत टाच मऊ पडते. आमच्या मते भेगांना याच्याइतके स्वस्त आणि चांगले दुसरे काही नाही.

आता मलम. आईची रीत आम्ही लिहून ठेवली आहे, ती अशी.

शंभर ग्रॅम खोबरेल घ्यावे. वीस ग्रॅम मेण घ्यावे. मेण मधमाश्यांच्या पोळ्याचे हवे. मेणबत्तीचे मेण निराळे, ते यात घालू नये. मधमाश्या पाळणाऱ्याकडे किंवा खादी ग्रामोद्योगाच्या दुकानात विचारावे. उन्हाळ्यात मलम पातळ होते, तेव्हा मेण पाच ग्रॅम वाढवावे. थंडीत पाच ग्रॅम कमी केले तरी चालते.

कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर मूठभर कोवळा पाला धुवावा आणि सावलीत चांगला सुकू द्यावा. ओला पाला तेलात टाकला तर मलमात पाणी राहते. पाणी राहिले की बुरशी धरते. सुकलेला पाला खोबरेलात घालून अगदी मंद आचेवर ठेवावा. बुडबुडे येतात ते पाल्यातल्या उरल्यासुरल्या पाण्याचे. बुडबुडे थांबले की पाणी गेले असे समजावे. पाला काळा पडेपर्यंत जाळू नये. मग तेल स्वच्छ, कोरड्या फडक्यातून गाळावे.

मेण थेट चुलीवर वितळवू नये. ते पेट घेते. एका पातेल्यात पाणी तापवावे, त्यात छोटे भांडे ठेवावे आणि त्या छोट्या भांड्यात गाळलेले तेल व मेण घालावे. मेण विरघळले की उतरवावे. हवी तर चिमूटभर हळद घालावी. आई घालीत असे. आम्ही घालीत नाही, कारण कपडे पिवळे होतात आणि बायको रागावते. मलम कोमट असतानाच काचेच्या बरणीत ओतावे. बरणी आधी पाण्यात उकळून उन्हात वाळवलेली असावी. बरणीवर कागद चिकटवून त्यावर मलमाचे नाव आणि तारीख लिहावी. तुम्हांला आता लिहिता येते, तेव्हा पहिली तारीख तुमच्याच हातची असू द्या. दोन महिन्यांत मलम संपवावे. खवट वास आला तर त्याआधीच फेकून द्यावे. बरणीत बोट घालायचे तर हात साबणाने धुऊन, पुसून.

दुसरा प्रकार तुपाचा. त्याला वैद्य शतधौत घृत म्हणतात. शत म्हणजे शंभर, धौत म्हणजे धुतलेले, घृत म्हणजे तूप. गाईचे तूप तांब्याच्या परातीत घ्यायचे, त्यात थोडे थंड पाणी घालून तळव्याने फेसायचे, पाणी ओतून टाकायचे, पुन्हा नवे घालायचे. असे शंभर वेळा. तुपाचा रंग जातो, वास जातो, आणि लोण्याहून पांढरे, मऊ मलम हाती येते. कोरडी पडून तडकलेली कातडी त्याने निवते. मात्र पाणी उकळून गार केलेले घ्यावे. आणि यात पाण्याचा अंश राहतोच, म्हणून ते थोडेच करावे आणि लवकर संपवावे. शंभर मोजताना आमची धाकटी बहीण साठाच्या पुढे झोपत असे. मग उरलेले चाळीस आमच्या वाट्याला!

कोरफडीला काहीच करावे लागत नाही. पान कापून उभे धरावे, पिवळा चीक गळू द्यावा, कारण त्या चिकाने खाज सुटते. मग साल काढून आतला पांढरा गर घ्यावा. उन्हाने कातडी लाल झाली, घामोळे आले, तर गर लावावा. घामोळ्याला तेलकट मलम लावू नये. घामाची भोके बुजतात आणि घामोळे वाढते. चिखल्यांनाही तेलकट मलम नको. तिथे ओलच मुळाशी असते. पाय धुवावेत, बेचके पुसून कोरडे करावेत, रात्री उघडे ठेवावेत. तेवढ्याने बरे वाटत नसेल तर तिथे बुरशी धरली आहे, औषध आणावे लागेल.

कोणतेही मलम पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस थांबावे. पाला झाडाचा आहे म्हणून तो प्रत्येकाला मानवतोच असे नाही. बिब्बाही झाडाचाच असतो. त्याच्या तेलाने अंग कसे उतते, फोड कसे येतात, ते ज्याने भोगले त्याला विचारा. बिब्बा, रुईचा चीक, ठेचलेली कच्ची लसूण ही कातडी जाळतात. ती मलमात नकोत, अंगावर नकोत. कापूर लहान मुलांच्या मलमात घालू नये. पोटात गेला किंवा फार हुंगला गेला तर तान्ह्याला झटके येतात. कडुनिंबाचे तेलही मुलाला कधी पाजू नये. कोणी कितीही सांगो.

खरचटले तर मुले दगडी पाला चोळतात. आम्हीही चोळला आहे. शाळेच्या मैदानाच्या कडेला तो भरपूर उगवे, पिवळ्या मध्याची बारीक फुले येत. पण आता आम्ही मुलांना सांगतो, आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. पाल्याला माती असते. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. जखमेवर माती, शेण, राख, तंबाखू, चुना यांतले काहीही घालू नका. खिळा रुतला, जखम खोल गेली, तर मलम बाजूला ठेवा आणि धनुर्वाताची सुई घ्या. भाजले तर वीस मिनिटे साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, तेल नको, दात घासायची पेस्ट नको. फोड आला तर फोडू नका. भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा तोंड, हात, सांधे भाजले असतील, तर दवाखाना.

आता खाजेचे पाहू. खाज दोन तऱ्हांची फार आढळते.

एक खरूज. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, काखेत बारीक पुळ्या येतात आणि खाज रात्री जास्त सुटते. हा डोळ्यांना नीट न दिसणारा किडा असतो. तो कातडीत बीळ करून राहतो. घरात एकाला झाली की सगळ्यांना होते. करंजेल, कडुनिंब लावून थोडे बरे वाटते, पण किडा उरतो. आरोग्य केंद्रातून मलम आणावे आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावे, खाज असो वा नसो. त्याच दिवशी कपडे, चादरी, गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घालाव्यात. एकानेच लावले आणि बाकीचे हसत बसले, तर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

दुसरी गजकर्णाची. कोणी नायटा म्हणते. गोल चट्टा, कडेला लाल व उंच, मध्ये साफ होत जाणारा. ही बुरशी आहे. जुनी माणसे टाकळ्याचे बी ताकात वाटून लावतात. त्याने खाज कमी वाटली तरी बुरशी जातेच असे नाही. आणि तेलामेणाचे मलम लावले तर ओल कोंडते, चट्टा पसरतो. पण याहूनही वाईट गोष्ट हल्ली चालते. दुकानात जायचे, "खाजेची ट्यूब द्या" म्हणायचे आणि दुकानदार देईल ती चोळायची. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड नावाचे जोरदार औषध मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते. माणूस खूष होतो. आत बुरशी मात्र माजत जाते, कातडी पातळ पडते, आणि ट्यूब सोडली की चट्टा दुप्पट होऊन येतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ट्यूब घेऊ नका. डॉक्टरने दिलेले औषध चट्टा दिसेनासा झाला म्हणून लगेच सोडू नका. जितके आठवडे सांगितले तितके लावा. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे असू द्या.

इथवर खाजणाऱ्या चट्ट्यांचे झाले. न खाजणाऱ्या चट्ट्याचे आम्हांला जास्त सांगायचे आहे.

आम्ही तेव्हा चौथीत होतो. 1970 च्या आसपासची गोष्ट. चाळीत आमच्या मजल्यावर एक कुटुंब राही. काका कापसाच्या गोदामात गाठी वाहायचे. अंगाने धिप्पाड, स्वभावाने गरीब. त्यांच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टा आला. खाजत नाही, दुखत नाही. काकू आईकडे आल्या. आईने चट्टा पाहिला आणि म्हणाली, "गजकर्ण असेल नाहीतर शिबं असेल. कडुनिंबाचं लावा, जाईल." काकूंनी बरणी नेली. संपली, दुसरी नेली. असे वर्षभर चालले. चट्टा थोडा मोठा झाला. पण त्रास नाही म्हणून कोणाला घाई नव्हती.

एके दिवशी काका व्हरांड्यात चहा पीत बसले होते. पितळी पेला नुकता चुलीवरून उतरलेल्या चहाने भरलेला. करंगळीकडची कड पेल्याला टेकली होती. आम्ही समोर गोट्या खेळत होतो. आम्हांला कातडी भाजल्याचा वास आला. काकांना कळलेच नाही! त्यांनी पेला खाली ठेवला तेव्हा बोटावर मोठा फोड आला होता, आणि ते त्याच्याकडे दुसऱ्याचे बोट असल्यासारखे पाहत होते.

वडील त्यांना घेऊन वडाळ्याला अ‍ॅकवर्थ रुग्णालयात गेले. ते महारोग्यांचे रुग्णालय. शिवडीहून चालत जाण्याच्या अंतरावर. 1890 साली ते उभे राहिले. त्या वेळचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांचे नाव त्याला आहे. या साहेबाला मराठी पोवाड्यांचा नाद होता. गावोगावचे पोवाडे त्यांनी जमवून छापविले. असो. डॉक्टरांनी काकांचा हात कोपरापाशी चाचपला. तिथली शीर दोरीसारखी जाड झाली होती. त्यांनी सांगितले, कुष्ठरोग आहे, औषधाने बरा होईल.

औषधाने काका बरे झाले. तेव्हा एकच गोळी होती, डॅप्सोन नावाची, आणि ती वर्षानुवर्षे घ्यावी लागे. ती त्यांनी नेमाने घेतली. पण करंगळी आणि शेजारचे बोट आत वळले ते वळलेच. गाठ उचलायचा आकडा त्या हातात धरेना. गोदामातले काम सुटले. आणि औषध चालू असताना चाळीतल्या काही लोकांनी त्यांना नळावर येऊ दिले नाही. आमची आई रोज पहाटे त्यांची कळशी स्वतः भरून द्यायची. ती तोंडाने काही बोलली नाही. पण तिने त्यानंतर सहा महिने मलम केले नाही.

डॉक्टर वडिलांना म्हणाले होते, "हा चट्टा पहिल्या महिन्यात आला असता तर बोटं वाकली नसती." वडिलांनी ते घरी येऊन सांगितले. आईने विचारले, "पण बाईमाणसाला कळावं कसं?" वडील दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून ती रीत शिकून आले. ती रीत फार सोपी आहे. शिवडीत कापूस तर वाऱ्यावर उडत असे.

कापसाचे बोंड घेऊन त्याची टोकदार वात करावी. माणसाला उजेडात बसवावे. आधी डोळे उघडे ठेवून त्याला दाखवावे, की मी असा कापूस टेकवणार आणि तू बोट ठेवून जागा दाखवायची. मग त्याला डोळे मिटायला सांगावे. वात चांगल्या कातडीवर हलकेच टेकवावी, मग चट्ट्यावर, पुन्हा चांगल्या कातडीवर. ओढू नये, नुसती टेकवावी. चांगल्या कातडीवर तो बरोबर बोट ठेवतो आणि चट्ट्यावर ठेवीत नाही, किंवा भलतीकडे ठेवतो, तर तो चट्टा मलमाचा नव्हे. त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठावे.

कोड याहून वेगळे. कोड खडूसारखे पांढरे असते, त्याला स्पर्श कळतो, आणि ते कोणाला लागत नाही. शिब्यालाही स्पर्श कळतो. पण एक सांगून ठेवतो. कुष्ठरोगाच्या काही चट्ट्यांना, तोंडावरच्या चट्ट्यांना विशेषतः, स्पर्श कळतो. कोणाच्या अंगावर पुष्कळ चट्टे किंवा गाठी येतात, कानाची पाळी जाड होते, तरी स्पर्श जात नाही. म्हणून वात लागली तरी जो चट्टा महिना-दोन महिने हटत नाही, तो डॉक्टरला दाखवावाच. हातापायाला मुंग्या येणे, चप्पल पायातून निसटलेली न कळणे, हीसुद्धा खूणच.

या रोगावर पूर्वी झाडाचेच तेल देत. आपल्या सह्याद्रीच्या ओलसर रानात कडू कवठीचे झाड असते. त्याच्या बियांचे तेल अंगाला चोळीत, पाजीत, पुढे सुईनेही टोचीत. रोगी कळवळत, उलट्या होत, आणि गुण येईलच याचा भरवसा नसे. पण दुसरे काही नव्हते, म्हणून शेकडो वर्षे तेच चालले. रोगाचा जंतू 1873 साली नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरने शोधला, तेव्हा कळले की हा शाप नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही, जंतू आहे. 1940 नंतर डॅप्सोन आले. 1981 सालापासून दोन-तीन औषधे एकत्र देऊ लागले, आणि आता चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर एक वर्ष गोळ्या घ्याव्या लागतात. बस, इतकेच. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्याला लागेनासा होतो. माणसाला घराबाहेर काढायचे, नळावर अडवायचे काही कारण उरत नाही. कारण तेव्हाही नव्हते.

गोळ्या मधेच सोडू नयेत. चट्टा लाल होऊन सुजला, शीर ठणकू लागली, तर गोळ्या बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

आईने पुढे पुन्हा मलम करायला घेतले. पण दारात कोणी चट्टा घेऊन आले की ती आधी देवाच्या वातीतला कापूस काढायची. "मीट डोळे," म्हणायची. मोठमोठे हमाल आमच्या उंबऱ्यावर मुलांसारखे डोळे मिटून बसत. कळले तर बरणी मिळे. न कळले तर वडील सायकल काढीत. आमच्या आठवणीत असे दोनदा झाले. एक होती बाई, एक बारा वर्षांचा मुलगा. दोघांची बोटे सरळ राहिली. तो मुलगा पुढे शिंपी झाला. आमच्या लग्नाचा कोट त्यानेच शिवला.

मधुमेह असेल त्याने भेगांना घरगुती मलम लावून वाट पाहू नये. त्याच्याही पायाची जाण कमी झालेली असते. त्याने रोज रात्री तळपाय आरशात पाहावा. आणि कोणाचीही जखम लाल होऊन सुजत चालली, गरम लागू लागली, पू आला, ताप आला, तर बरणी बंद करून गावच्या आशाताईंना हाक मारावी. चट्ट्याचे त्यांनाच विचारावे. गोळ्या कुठे मिळतात ते त्या सांगतात, आणि पहिल्यांदा सोबतही येतात.